पाहुणे जे बोललेच नव्हते

"पाहुणे काय बोलले ते देव जाणे, पण आपले मास्तर काय सुरेख बोलले!" असं त्या ख्रिस्ती मंडळीत बावीस वर्षं म्हटलं जात होतं. मास्तर दर वेळी हात जोडून म्हणायचे, "छे छे, शब्द त्यांचे. मी आपला नळ, पाणी वरून येतं." हे वाक्यही त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की म्हणता म्हणताच त्यांना आपल्या नम्रतेचं कौतुक वाटायचं.

मास्तर शाळेत भाषा शिकवायचे. परदेशातून कोणी उपदेशक आला, की व्यासपीठावर त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि त्याचं बोलणं लोकांच्या भाषेत सांगायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. व्यासपीठामागे मोडक्या खुर्च्या ठेवायची एक खोली होती. पहिल्या वेळी तिथल्या धुळीत गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली होती, "प्रभू, माझं तोंड तूच धर. माझ्याच्याने हे होणार नाही." पहिली काही वर्षं ते असंच करत. मग गुडघे दुखायला लागले म्हणून प्रार्थना उभ्याने व्हायला लागली, मग पायऱ्या चढता चढता, आणि मग कधीतरी नुसतं खाकरून कॉलर नीट करण्यावर भागायला लागलं. नेमकं कधीपासून, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दरम्यान हात चांगला बसला होता. एखाद्या पाहुण्याने बायबलमधल्या पाच भाकरी आणि दोन माशांचे आकडे उलटसुलट केले, तर मास्तर बोलता बोलता ते जागेवर आणायचे. कोणी म्हणालं, "तुम्ही फार मोठ्याने गाता," तर लोकांच्या कानावर पडायचं, "तुमच्या गाण्याने छप्पर हलतं." रटाळ पाहुण्याला ते थोडं मीठमिरची लावायचे आणि आगाऊ पाहुण्याची चार वाक्यं परस्पर गिळून टाकायचे. पाहुण्याला पत्ता नसायचा आणि लोकांना त्या भाषेचा गंध नसायचा. मास्तर याला 'सावरून घेणं' म्हणायचे.

त्या वर्षी तीन संध्याकाळच्या सभांसाठी जे पाहुणे आले, ते पंच्याहत्तरी ओलांडलेले पाद्री होते. त्यांना बोलवायची कल्पना मास्तरांचीच. त्यांनीच दोन वर्षं पत्रं लिहिली होती, मंडळीच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या, आणि वडीलधाऱ्यांच्या मागे लागून त्यांना राजी केलं होतं. "माणूस नव्हे, रत्न आहे," असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. पाहुण्यांची राहायची सोयही मास्तरांच्याच घरी, वरच्या खोलीत केली होती.

पहिल्या संध्याकाळी रत्नाने घात केला. जाड चष्म्यातून कागद वाचत, मध्येच थांबत, घसा साफ करत ते तासभर बोलले. मास्तरांनी सगळी कला पणाला लावली, तरी मागच्या रांगा रिकाम्या होत गेल्या. सभा संपल्यावर पाळकसाहेब मास्तरांच्या कानाशी लागले.

"मास्तर, तुमच्या रत्नावर बरीच धूळ बसलेली दिसते. उद्या जरा सांभाळा बुवा. भाड्याच्या खुर्च्या आणल्यात आपण."

दुसऱ्या संध्याकाळी मास्तर सांभाळायच्या तयारीनेच उभे राहिले. पाहुण्यांनी खिशातून कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि घडी घालून परत खिशात ठेवला.

"आज मी उपदेश करणार नाही," ते त्यांच्या भाषेत म्हणाले. "एक गोष्ट सांगायची आहे. सदतीस वर्षांत मी ती कोणालाही सांगितलेली नाही."

"आज पाहुणे आपल्याला एक गोष्ट सांगणार आहेत," मास्तर म्हणाले. इथवर तसं काही बिघडलं नव्हतं.

"माझा एक मोठा भाऊ होता."

मास्तरांनी पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ थरथरत होते. काहीतरी भलतंच बाहेर येणार, हे त्यांच्या लक्षात आलं. काल लोक उठून गेले होते. आज आपण आणलेला माणूस सगळ्यांसमोर स्वतःचीच लाज काढणार. मास्तरांनी विचार केला असंही म्हणता येणार नाही. जीभ आपोआप वळली.

"एक माणूस होता. त्याला एक मोठा भाऊ होता," ते म्हणाले.

मग पाहुणे सांगत गेले आणि मास्तर 'मी'च्या जागी 'तो' घालत गेले. आईबाप लवकर गेले. मोठ्या भावाने लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करून धाकट्याला शिकवलं. त्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. धाकटा पाद्री झाला, नावारूपाला आला. मोठा मात्र दारूच्या नादी लागला. एका रविवारी धाकटा मोठ्या मंडळीत उपदेशाला उभा राहणार, तेवढ्यात मोठा दाराशी आला. कपडे मळके, तोंडाला वास. दारावरच्या माणसाने येऊन विचारलं, "हे तुमचे भाऊ आहेत म्हणतात. आत घेऊ का?" धाकट्याने तिकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, "मी या माणसाला ओळखत नाही." मोठ्याने ते ऐकलं. तो एक शब्दही बोलला नाही. टोपी डोक्यावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेला.

इथे पाहुण्यांना पुढे बोलता येईना. त्यांनी टेबलाची कड धरली. सभागृह चिडीचूप झालं होतं. ती शांतता मास्तरांच्या अंगावर आली. गोष्ट अर्धवट लटकली होती, शेकडो डोळे आपल्याकडे लागले होते, आणि गोड शेवट जिभेवर तयार होता.

"आणि मग," मास्तर म्हणाले, "त्या धाकट्याचं काळीज हललं. तो धावत सुटला. पायऱ्यांवर त्याने भावाला गाठलं आणि सगळ्यांच्या देखत मिठी मारली!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कोणीतरी मोठ्याने "प्रभूची स्तुती असो!" म्हटलं. पाहुण्यांनी मान वर करून हे पाहिलं आणि हलक्या आवाजात उरलेलं सांगितलं. भाऊ सहा महिन्यांनी एका सरकारी इस्पितळात वारला. कागदावर नातेवाइकांच्या रकान्यात त्याने 'कोणी नाही' असं लिहायला लावलं होतं. "आणि मी सदतीस वर्षं प्रेमावर उपदेश करत राहिलो," पाहुणे म्हणाले. "मला देवाच्या दयेशिवाय दुसरं काही नाही."

आता ते सांगायला जागाच उरली नव्हती. "देवाच्या दयेशिवाय आपल्याला दुसरं काही नाही," असं म्हणून मास्तरांनी हात जोडले.

सभा संपल्यावर रांग लागली. लोकांनी पाहुण्यांचे हात हातात घेतले. धोब्याच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या आजींनी तर तो सुरकुतलेला हात कपाळाला लावला. पाळकसाहेबांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा!"

घरी पाहुणे आदल्या रात्री जेमतेम दोन घास जेवले होते. त्या रात्री त्यांनी दोनदा वाढून घेतलं. मग चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "बंधू, मला वाटलं होतं लोक मला हाकलून देतील. ते हसऱ्या चेहऱ्यांनी माझ्यापाशी आले. त्या आजींनी माझा हात कपाळाला लावला, पाहिलंत ना? माझी बायको गेली तीस वर्षं विचारते, तुम्ही झोपेत कोणाशी बोलता. तिलाही सांगायचं धाडस झालं नाही. आणि तुमच्या लोकांनी मला किती सहज पदरात घेतलं!"

मास्तर पाणी प्यायले.

"आमचे लोक तसे प्रेमळ आहेत," ते म्हणाले.

रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. मनाची समजूत घालायला कारणं भरपूर होती. म्हाताऱ्याला शांती मिळाली ना? लोकांना आशीर्वाद मिळाला ना? मग कोणाचं काय गेलं? पण उत्तर आल्यासारखं वाटलं, की पुन्हा त्या आजींचं कपाळ डोळ्यांपुढे यायचं. आजींनी हात कपाळाला लावला होता तो गोष्ट सांगणाऱ्याचा. भावाला नाकारणाऱ्या माणसाचा हात त्या सभागृहात कोणी हातात घेतलाच नव्हता.

सकाळी पाहुणे दाढी करून, स्वच्छ सदरा घालून खाली आले. त्यांच्या हातात पाकीट होतं.

"बंधू, एवढं टपालात टाकाल? बायकोला लिहिलंय. सगळं लिहिलंय. लोकांनी कसं स्वीकारलं तेही."

मास्तर पाकीट घेऊन निघाले. टपालपेटी दोन वळणांवर होती. त्यांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलंही. मागे एक माणूस आपलं पत्र टाकायला थांबला होता. "काका, अडकलंय का?" त्याने विचारलं. मास्तरांनी पाकीट बाहेर ओढलं आणि घरी परतले.

बायको स्वयंपाकघरात कांदे चिरत होती. मास्तरांनी दारातच उभं राहून तिला सगळं सांगितलं. शेवटची मिठीसुद्धा. तिने सुरी खाली ठेवली नाही, पण कांदा चिरायचा थांबला.

"मला नवल नाही वाटत," ती म्हणाली. "अहो, आपलं भांडण होतं तेव्हासुद्धा मी काय म्हणाले ते मला तुमच्याकडूनच कळतं."

"अगं, त्यांच्या भल्यासाठीच—"

"त्यांच्या?"

मास्तर हातातल्या पाकिटाकडे बघू लागले.

"मग माझ्यापाशी काय उभे आहात? वर जा."

"जरा चहा घेऊन..."

"चहा नंतर."

पाहुणे खिडकीपाशी बसले होते. मास्तरांनी पाकीट त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सांगितलं. दोन्ही भाषांवर इतकं प्रभुत्व असलेला माणूस, पण एक वाक्य धड येईना. शेवटी पाहुण्यांनी विचारलं, "मी थांबलो, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"की... धाकटा धावत गेला. पायऱ्यांवर मिठी मारली."

पाहुण्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो चेहरा फारच म्हातारा दिसत होता.

"सदतीस वर्षं मी रोज त्या पायऱ्या उतरतो," ते म्हणाले. "एकदाही भाऊ हाताला लागला नाही. तुम्ही दोन वाक्यांत गाठून दिलात."

"मला क्षमा करा."

"काल मला जे धैर्य आलं, ते माझं नव्हतं. मी पहाटेपासून देवाकडे ते मागत होतो, आणि त्याने दिलं. एका दिवसापुरतं दिलं. तुम्ही ते वाया घालवलंत." त्यांनी पाकीट उचलून खिशात ठेवलं. "आता तुम्ही खाली जा."

दुपारी पाहुणे जेवायला आले नाहीत. बायकोने ताट वर नेलं आणि जसंच्या तसं परत आणलं. मास्तर पाळकसाहेबांकडे गेले. त्यांना वाटलं होतं, साहेब रागावतील आणि त्यामुळे जरा हलकं वाटेल. साहेब रागावले नाहीत.

"अहो, सोडा ना," ते म्हणाले. "लोक खूश आहेत. आज गर्दी दुप्पट होणार. आता ही भानगड कशाला उकरून काढता? शेवटचा दिवस गोड करा."

कालपर्यंत मास्तरांनीही हेच म्हटलं असतं. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना कसंसंच झालं.

सहाच्या आधी ते व्यासपीठामागच्या खोलीत गेले. मोडक्या खुर्च्या तशाच होत्या, वाढल्याच होत्या. एक बाजूला सरकवून त्यांनी गुडघे टेकले. शब्द मागायचे, तर शब्द हाच तर रोग होता. "प्रभू, मी तुझ्या सेवेत तुझी गरजच ठेवली नाही," एवढंच शेवटी आलं. त्यावर उत्तर आलं नाही, छातीवरचं ओझंही उतरलं नाही. बाहेर गाणं सुरू झालं होतं, म्हणून ते उठले.

पाहुणे येतील की नाही, याचा भरवसा नव्हता. ते आले. मास्तरांकडे न पाहता व्यासपीठावरच्या खुर्चीत बसले. मास्तरांनी माइक हातात घेतला.

"कालची गोष्ट," ते म्हणाले, "पाहुण्यांनी सांगितली तशी मी तुम्हाला सांगितली नाही. काही बदललं. शेवट तर माझ्या मनाचा होता. ते जे बोललेच नव्हते, ते मी त्यांच्या तोंडी घातलं. खरं काय होतं ते सांगायचा हक्क त्यांचा आहे, माझा नाही. हे मी त्यांच्या भल्यासाठी केलं नाही. माझ्या नावासाठी केलं. आणि पहिल्यांदा केलेलं नाही."

कुजबुज उठली. पहिल्या रांगेतले शिंपीकाका, मंडळीतले सर्वांत जुने सभासद, काठीवर जोर देऊन उभे राहिले.

"म्हणजे मास्तर, बावीस वर्षं आम्ही कोणाचं ऐकत होतो?"

"मला माहीत नाही, काका," मास्तर म्हणाले.

"काय विचारतायत ते?" मागून पाहुण्यांचा आवाज आला.

मास्तरांनी वळून शब्दाला शब्द सांगितलं. पाहुणे काकांकडे बघत राहिले. मग उठले, हळूहळू माइकपर्यंत आले.

"मला आज भीती वाटते," ते म्हणाले. "कालपेक्षा जास्त."

"मला आज भीती वाटते. कालपेक्षा जास्त," मास्तर म्हणाले.

"माझा एक मोठा भाऊ होता."

"माझा एक मोठा भाऊ होता."

या वेळी कोणी मदतीला धावलं नाही. पाहुणे अडखळले तिथे मास्तर थांबले. शांतता अंगावर आली तेव्हा त्यांनी ती अंगावर येऊ दिली, आणि 'प्रभू, मला गप्प ठेव' एवढंच मनात म्हणत राहिले. "मी या माणसाला ओळखत नाही," हे वाक्य आलं, तेव्हा ते त्यांना स्वतःच्या तोंडाने, 'मी' लावून म्हणावं लागलं. ते म्हणताना कोणाचं पाप कोणाच्या जिभेवर आहे, हे त्यांना वेगळं करता येईना. 'कोणी नाही' हे शब्दही त्यांनी खाल्ले नाहीत.

सांगून झालं. कोणी स्तुती केली नाही. मागून काही लोक उठून गेले. एकजण दाराशी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "असल्यांना बोलवायचंच कशाला!" पाळकसाहेबांनी घाईघाईने शेवटची प्रार्थना केली. आज रांग लागली नाही. सात-आठ माणसं पुढे आली, त्यांतली दोन नुसतीच उभी राहिली. शिंपीकाका आले, पाहुण्यांचा हात हातात घेतला आणि मास्तरांना ओलांडून निघून गेले.

धोब्याच्या दुकानातल्या आजी सगळ्यांत शेवटी उठल्या. पाहुण्यांसमोर उभ्या राहून त्यांनी मास्तरांना सांगितलं, "त्यांना विचार बाबा, भावाचं नाव काय होतं."

मास्तरांनी विचारलं. पाहुण्यांनी नाव सांगितलं. आजींनी ते दोनदा म्हणून पाहिलं, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. मग म्हणाल्या, "मी रोज घेईन हे नाव प्रार्थनेत." मास्तरांनी तेवढंच सांगितलं, एक अक्षर जास्त नाही. पाहुणे तिथल्या तिथे खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. आजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्यांना गाडीत बसवून द्यायला गेले. गाडी सुटायच्या आधी पाहुण्यांनी काच खाली केली.

"बंधू, मी तुम्हाला पूर्ण क्षमा केली आहे असं म्हणालो, तर मीही सावरून घेतल्यासारखं होईल," ते म्हणाले. "क्षमा करायचं बळ मी देवाकडे मागतोय. अजून मिळालेलं नाही. तुम्हीही मागा."

"मागतो," मास्तर म्हणाले. गाडी गेल्यावरही ते बराच वेळ तिथेच उभे होते. त्यांना वाटत होतं, पाहुण्यांनी क्षमा केली असती तर परतीची वाट सोपी झाली असती. आणि असं वाटतंय म्हणून पुन्हा लाजही वाटत होती.

त्यानंतर त्यांनी दुभाष्याचं काम सोडलं. मागच्या रांगेत बसायला लागले. रात्री कधी कधी जुने पाहुणे एकेक करून आठवायचे, आणि आपण त्यांच्या तोंडातून काय काय काढून घेतलं, काय काय घातलं, ते शोधत बसायचे. बरंचसं आठवायचंच नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटायचं. एकदा त्यांनी बायकोला विचारलं, "माझ्या हातून देवाचं एक तरी काम झालं असेल का गं?"

"झालं असेलही," ती म्हणाली. "तुमच्यामुळे नाही, तुम्ही असूनही. झोपा आता."

आठ महिन्यांनी पाळकसाहेब घरी आले. नवीन पाहुणे यायचे होते आणि भाषा येणारं दुसरं कोणी मिळत नव्हतं. मास्तरांनी आधी नाही म्हटलं. दोन दिवसांनी स्वतःच गेले आणि एक अट घातली. मंडळीत एक नर्सबाई होत्या, बारा वर्षं परदेशात नोकरी करून परतलेल्या. त्यांना ती भाषा चांगली कळायची. "त्यांना पहिल्या रांगेत, माझ्यासमोर बसवा," मास्तर म्हणाले. "मी घसरलो की त्यांनी हात वर करायचा."

"भर सभेत? शोभेल का ते?"

"नाही शोभणार," मास्तर म्हणाले.

नवीन पाहुणे तरुण होते, भराभर बोलत होते. पहिल्या दहा मिनिटांत नर्सबाईंचा हात दोनदा वर गेला. दोन्ही वेळा मास्तरांना चूक लगेच कळली. ते थांबले, दुरुस्त केलं, पुढे गेले. मागच्या रांगांत हशा पिकला. मास्तरांचे कान लाल झाले. मग तिसऱ्यांदा हात वर गेला, आणि या वेळी काय चुकलं ते त्यांना कळेना. त्यांनी पाहुण्यांना हाताने थांबवलं आणि खाली वाकून विचारलं, "बाई, काय झालं?"

नर्सबाई अवघडल्या. सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती.

"ते म्हणाले, 'मी देवावर विसंबायला घाबरतो,'" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, 'मी कधी कधी घाबरतो.' 'कधी कधी' त्यांनी म्हटलंच नाही."

मास्तर सरळ उभे राहिले. "चुकलो," ते माइकमध्ये म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा, आहे तेवढंच सांगितलं.